जेनेटचा दगड

१

गुरुवारी दुपारी मीच जमिनीतून काढलेला दगड शुक्रवारी सकाळी चर्चच्या ओसरीतून नाहीसा झाला. जेवणवेळ व्हायच्या आत अख्ख्या स्टोनी रन खोऱ्याने चोर कोण ते ठरवूनही टाकलं होतं. आमच्याकडे पुरावा मागाहून येतो, निकाल आधी लागतो.

मी इरा मॅक्नट. मेलेल्यांना पोचवण्याचा आमचा धंदा तीन पिढ्यांचा. या धंद्यात गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही. तक्रारी असतात त्या नातेवाइकांच्या, आणि स्टोनी रनमध्ये नातेवाईक म्हणजे बहुतेक गिल्किसन.

यांचा मूळपुरुष ह्यू गिल्किसन. दोनशे वर्षांपूर्वी तो आयर्लंडमधल्या अल्स्टरहून बायकोला आणि म्हाताऱ्या सासूला घेऊन बोटीने फिलाडेल्फियाला आला, तिथून गाडीवाटेने व्हर्जिनियात उतरला, आणि ज्या झऱ्यापाशी बैल अडून बसले तिथेच त्याने घर बांधलं. हे देवाने दाखवलेलं ठिकाण, असं त्याचे वंशज सांगतात. बैलांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलेलं नाही. चर्चला आणि दफनभूमीला जमीन ह्यूनेच दिली, पण अट घालून: दगडी भिंतीच्या आत निजेल तो त्याच्या रक्ताचाच. अल्स्टरच्या माणसाने घातलेली अट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती अजून पुसली गेलेली नाही.

भिंतीबाहेरच्या उतारावर स्नॉडग्रास लोकांची थडगी आहेत. त्या घरातली शेवटची मिनर्व्हा स्नॉडग्रास सत्तरीच्या पुढची, आणि तिचं हृदय आता थकलं होतं. पानगळ बघितली तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातच सरकारने नवा हमरस्ता नेमका त्या उतारावरून काढला. थडगी हलवावी लागणार होती, आणि भिंतीच्या आत जागा मिळाली नाही तर सगळी हाडं जिल्ह्याच्या बेवारस जमिनीत जाणार होती. मिनर्व्हाचं म्हणणं होतं की आम्ही ह्यूच्याच रक्ताचे, त्याची मुलगी जेनेट हीच आमची मूळ आजी. गिल्किसन म्हणत, आमची जेनेट जन्मभर घरात राहिली, लग्नाविना म्हातारी होऊन मेली आणि भिंतीच्या आत निजली आहे. तुमची कोण ती भामटी. हे भांडण शंभर वर्षं चाललं होतं. त्याचा निकाल चर्चचे पंच शनिवारी दुपारी देणार होते, आणि रविवारी गिल्किसनांचा कुलमेळा होता.

त्या मेळ्याच्या मांडवाच्या खांबासाठी मी दफनभूमीत ह्यूच्या थडग्याच्या पायथ्याशी खड्डा खणत होतो. हातभर खाली पहार खणकन वाजली. लहानसा चुनखडीचा दगड होता, पडून गाडला जावा तसा तिरका नाही, तर चौरंग मांडावा तसा सपाट मांडलेला. उलटा केला तर खालच्या अंगावर ‘जे. जी. १७५५’. अक्षरं इतकी धारदार की मी बोट फिरवलं तर कातडी खरवडली. दगडाखाली आणखी खणायला गेलो तर जमीन अशी घट्ट की पहार उडायला लागली. शिव्या घालत मी खांबाची जागा बदलली, आणि तो दगड चिखलासकट ओसरीतल्या बाकावर नेऊन ठेवला. कडेवरच्या पोराइतका जड असेल.

शुक्रवारी सकाळी बाक रिकामा होता.

२

पाळक बॉइडसाहेब अजून तरुण होते आणि आमच्या खोऱ्यात नवे होते, म्हणून त्यांना वाटलं की हे भांडण समजुतीने मिटेल. त्यांनी माझ्या मेहुण्याला बोलावलं. अमॉस लॉक्रिज वीस वर्षं शेरीफ होता. निवृत्त झाल्यापासून तो फक्त खात असे आणि लाकूड तासत बसे. डोकं मंद चालतं असं लोक म्हणत. मी म्हणेन, तो ते हळू चालवत असे.

अमॉसने रिकाम्या बाकाकडे एकदा बघितलं आणि सरळ मागच्या अंगणातल्या पंपाशी गेला. तिथल्या फरशीवर पिवळ्या मातीची वाळलेली ढेकळं पडली होती.

“इरा, ही माती कुठली?”

“दफनभूमीतली. खोल गेलं की अशीच लागते.”

“म्हणजे दगड इथे धुतला कुणीतरी.” तो खाली बसून मातीकडे बघत राहिला. “चोराला चोरायचा तर चिखलासकट उचलावा आणि पळावं. अंघोळ घालत बसतो कशाला?”

तेवढ्यात रॅम्सी गिल्किसनची गाडी धूळ उडवत आली. सफरचंदाच्या बागांचा मालक, कुलमंडळाचा अध्यक्ष, आणि कुळाचा इतिहास लिहिणारा. मेळ्यासाठी त्याने टपालाने चौकड्यांचा स्कॉटिश घागरा मागवला होता. त्याच्या आजोबांनी मरेपर्यंत गुडघा उघडा टाकला नव्हता, पण इतिहास लिहायला लागलं की माणसाचं असं होतं.

रॅम्सीला चोर शोधायचा नव्हता, त्याला तो ठाऊक होता. दगड म्हणजे मिनर्व्हाच्या दाव्यावरचा शेवटचा खिळा होता, असं तो म्हणाला, म्हणून तिनेच तो नाहीसा केला. गुरुवारी संध्याकाळी ती ओसरीच्या पायरीवर बसून रडताना दोघांनी बघितली होती.

अमॉसने विचारलं, खिळा कसा काय?

“अमॉस, तू पण लॉक्रिज, अल्स्टरच्याच रक्ताचा, आपली रीत तुला मी सांगायची? जिवंत पोराचं नाव दुसऱ्याला ठेवत नाहीत. पोर मेलं, तरच पुढच्याला तेच नाव. थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव, म्हणजे जेनेट. ती सतराशे पंचावन्न साली मेली, दगड साक्ष आहे. सत्तावन्नला दुसरी झाली, तिला पुन्हा जेनेट ठेवलं. थोरली मेलेली, धाकटी लग्नाविना गेलेली. मग त्या बाईची आजी आली कुठून? आभाळातून?”

खरं सांगतो, मला ते पटलं. आमच्याकडे ही रीत कुणी मोडलेली नाही. माझ्या स्वतःच्या आधी एक इरा होता, तो दोन वर्षांचा होऊन गेला, आणि त्याचंच नाव मी वापरतो आहे.

अमॉसलाही पटलेलं दिसलं. तो मान डोलावत म्हणाला, “रॅम्सी, मग तो दगड तू जिवापाड जपायला हवा होतास.”

“तिजोरीत ठेवणार होतो. सकाळी न्यायलाच आलो होतो.”

“म्हणजे तू नाही नेलास,” अमॉस म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. रॅम्सीला हा अपमान वाटला की शाबासकी, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

३

मिनर्व्हाचं घर डोंगराच्या खांद्यावर आहे. ती पडवीत शेंगा निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही; उठवतच नसावं.

“या, अमॉस. बेड्या आणल्यास का? आण, हात एवीतेवी थंडच पडतात हल्ली, लोखंडाचा गारवा कळणारही नाही.”

अमॉस पायरीवर बसला आणि न विचारता शेंगा निवडायला लागला. मग तिने आपणहून सांगितलं की हो, ती गुरुवारी पायरीवर रडली होती. दगडाची बातमी डोंगरावर पोचल्यावर ती काठी टेकत खाली उतरली, ओसरीत जाऊन दगडावर हात ठेवला, आणि तिला रडू आलं.

“कारण आता दावा बुडाला?” मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. “इरा, तू लहानपणापासूनच असा आहेस का रे? मला आनंद झाला होता.”

मग तिने जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. जेनेट सहा वर्षांची असताना शॉनी इंडियन टोळीची धाड आली आणि ते तिला घेऊन गेले. ह्यूने एक हिवाळाभर तिचा माग काढला, आणि त्याला ओढ्याकाठी फक्त तिची टोपी मिळाली. आईबापांनी तिला मेलेली धरलं. नऊ वर्षांनी तह झाला आणि नेलेल्या माणसांना परत पाठवलं, त्यात एक पंधरा वर्षांची मुलगी होती. तिला इकडची भाषा येत नव्हती. तिकडे तिला दुसरी आई होती, ती दोन दिवस बरोबर चालत आली आणि मग मागे फिरली. मुलीला काहीच आठवत नव्हतं, नाव सोडून. घरी आली तर त्या नावाची एक सात वर्षांची पोर दारात उभी.

“आमच्या घरात हे असंच सांगत आलेत,” मिनर्व्हा म्हणाली. “आईने तिला हाताला धरून दफनभूमीत नेलं आणि तिला तिचंच थडगं दाखवलं. विचार कर, अमॉस. ती आपल्या थडग्यापाशी उभी होती आणि आपलं नाव बोटाने चाचपत होती. आजीने मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, आजी, कुठाय तो दगड? ती म्हणाली, ते नाही माहीत, पण आहे. शंभर वर्षं लोक आम्हाला हसले. दगडच नाही म्हणाले. काल मी त्याच्यावर हात ठेवला.”

शेंगांची परडी भरली होती. अमॉसने ती उचलून आत ठेवली. परत येताना गाडीत मी म्हटलं की गोष्ट छान आहे, पण गोष्टच आहे. रॅम्सी म्हणेल, दगड सापडल्यावर रचली. अमॉस म्हणाला, रॅम्सी तसंच म्हणेल. आणि मग म्हणाला, “पण ती खरी असेल, तर दगड तिने चोरला नाही. तिला तो हवा होता, रॅम्सीलाही हवा होता. मग नको कुणाला होता?”

४

उरल्या एफीआत्या. मिस युफेमिया गिल्किसन, रॅम्सीची आत्या. त्यांचं वय विचारायची कुणाची छाती नव्हती. दरसाल मेळ्याआधी कुळाची सगळी थडगी त्या एकट्या बादली आणि ब्रश घेऊन धूत. घाण त्यांना बघवत नसे. दुसऱ्याच्या पोराचं नाकसुद्धा त्या रस्त्यात थांबवून पुसत.

त्यांच्या मागच्या दारातून आत शिरताना मी गोल गोट्याला ठेचकाळलो. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो लावून ठेवला होता. ओळखीचा गोटा होता. त्यांच्या आईच्या वेळेपासून आंबवायच्या कोबीवर दाबायला वजन म्हणून तोच असे. मी अंगठा चोळत बसलो आणि त्यांनी आम्हाला ताक आणि मक्याची गरम भाकर दिली. कोपऱ्यात कोबीची मोठी बरणी फडक्याने झाकलेली होती, आणि फडक्याखालून पांढरा फेस येऊन काठावरून ओघळत होता. एफीआत्यांच्या स्वयंपाकघरात ओघळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

अमॉसने कोबीबद्दल काही विचारलं नाही. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, त्याच्याबद्दल विचारलं.

“सॅम्युएल,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ. मोंटानात तांब्याच्या खाणीत गेला. तुम्ही लहान होतात.”

“त्याचं लग्न ठरत होतं ना इथे?”

“ठरत नव्हतं.” त्यांनी ताकाचं भांडं ठेवलं ते जरा जोरात. “तो डोंगरावर जात असे. माझ्या वडिलांना ते पसंत नव्हतं.”

डोंगरावर एकच घर आहे. मला हे माहीत नव्हतं; माझ्या आईने कधी काढलं नव्हतं, म्हणजे गोष्ट नक्कीच मोठी असणार. अमॉसने भाकर संपवली, आभार मानले, आणि दारातून बाहेर पडताना सहज विचारलं की गुरुवारी थडगी धुवून झाली का.

“झाली,” एफीआत्या म्हणाल्या. “सगळी झाली.”

त्यांचा आवाज फाटला होता. मला वाटलं, भावाची आठवण आली असेल.

५

अमॉस मला सरळ दफनभूमीत घेऊन गेला. ऊन उतरत होतं. त्याने मला ह्यूच्या काळचे दगड बोटाने चाचपायला लावले: ह्यू, त्याची बायको ॲग्नेस, सासू जेनेट वॉर्डलॉ. अक्षरं पावसाने इतकी गुळगुळीत झालेली की कुठलं कोणतं ते सांगणाऱ्यालाच कळावं. मग तो माझ्या खड्ड्यापाशी आला.

“तू म्हणालास, बोट खरवडलं.”

“हो.”

“त्याच चुनखडीचा दगड, त्याच काळचा. मग याला पाऊस का नाही लागला?”

“जमिनीखाली होता म्हणून.”

“पडला असता तर तिरका पडला असता. तू म्हणालास, सपाट, तोंड खाली. कुणीतरी नीट निजवला. उभा केल्यावर थोड्याच वर्षांनी.” तो खाली वाकला. “इरा, मेलेल्या पोराचा दगड आईबाप कधी काढतात का?”

मी मान हलवली. माझ्या धंद्यात मी लोकांना दगड बदलताना पाहिलंय, मोठा करताना पाहिलंय. पोराचा दगड काढताना कुणाला पाहिलेलं नाही.

“आता हे तू मला सांग, मला यातलं कळत नाही. दगडाखाली तू खणत होतास, आणि मग खांब दुसरीकडे का नेलास?”

मी खाली बसून खड्ड्याच्या तळाची माती बोटाने उकरून बघितली. चाळीस वर्षं मी थडगी खणतोय. एकदा उकरलेली जमीन पुन्हा कधी पहिल्यासारखी होत नाही. शंभर वर्षं जावोत, दोनशे जावोत, वरची काळी आणि खालची पिवळी माती मिसळलेलीच राहते आणि पहार तिथे लोण्यात शिरावी तशी शिरते. म्हणून तर आम्हाला विसरलेली थडगी सापडतात. आणि इथे त्या दगडाखाली मी घाम गाळत होतो, शिव्या देत होतो, आणि माझ्या हातांना जे कळलं होतं ते डोक्याला कळलं नव्हतं.

“तिथे कधी कुणी खणलेलंच नाही,” मी म्हणालो. “अमॉस, ते थडगं रिकामं आहे. थडगंच नाही ते.”

अमॉसने टोपी काढली. आम्ही दोघं त्या हातभर खड्ड्याकडे बघत उभे राहिलो, आणि मला वाटलं की दोनशे वर्षांपूर्वीचा तो माणूस माझ्या शेजारी उभा आहे. पुरायला काही नाही म्हणून त्याने नुसताच दगड रोवला होता.

“आता चोर,” अमॉस म्हणाला. “तो मला मघाशी ताक पिताना कळला. पण त्याचं नाव मी घेणार नाही.”

६

शनिवारी चर्च भरून गेलं. पंच पुढे बसले, बॉइडसाहेब मध्ये. मिनर्व्हाला मी गाडीतून आणलं होतं. ती भिंतीला टेकून बसली आणि तिच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. रॅम्सीने आपलं म्हणणं मांडलं, रीतीसकट. लोकांनी माना डोलावल्या.

मग अमॉस उठला. तो बोलायला लागला तेव्हा मागचे लोक पुढे सरकले, कारण तो ओरडत नाही. त्याने धारदार अक्षरांचं सांगितलं, सपाट मांडलेल्या दगडाचं सांगितलं. मग मला उभं केलं, आणि मी न खणलेल्या जमिनीचं सांगितलं. माझ्या शब्दावर या खोऱ्यात प्रत्येकाने आपली आई सोपवली आहे, त्यामुळे कुणी शंका काढली नाही.

“रॅम्सी रीत बरोबर सांगतो,” अमॉस म्हणाला. “पोर मेलं तरच नाव पुन्हा ठेवतात. पण त्यावरून काय कळतं? पोर मेलं, हे नाही कळत. आईबापांना ते मेलं असं वाटलं, एवढंच कळतं. आपण सगळ्यांनी इथेच चूक केली, कारण आपल्यात असं नाव परत येतं तेव्हा आधीचं माणूस कधी परत येत नाही. ही आली. एका घरात दोन जेनेट झाल्या, दोघी जिवंत. धाकटी खाली राहिली, थोरली लग्न करून डोंगरावर गेली. आणि मुलगी जेवायला समोर बसलेली असताना बापाला तिचं थडगं उभं ठेववेना, म्हणून त्याने दगड निजवला.”

मिनर्व्हाने डोळे मिटून घेतले होते. रॅम्सी लाल झाला होता, पण तो म्हणाला ते वावगं नव्हतं: हे सगळं अमॉसचं आणि इराचं म्हणणं झालं. दगड कुठे आहे?

“दगड धुणाऱ्याकडे,” अमॉस म्हणाला. “तो चोरायला आलाच नव्हता. दगड घाण दिसला म्हणून त्याने पंपावर नेला, स्वच्छ धुतला, आणि मागच्या अंगावरचा चिखल निघाला तेव्हा तिथे काहीतरी दिसलं. काय, ते मला माहीत नाही. पण ते वाचल्यावर त्याला तो दगड परत बाकावर ठेववेना. त्याने तो आंबट कोबीत बुडवला. चुनखडी आंबटात फसफसते, हे आपल्या पोरीबाळींनाही ठाऊक आहे. अक्षरं हळूहळू जातील असं वाटलं असेल. घरात हातोडा होता. तो नाही उचलला. देवाला भिणारं माणूस आहे, म्हणून मी नाव घेत नाही.”

मग पुढच्या बाकावर एफीआत्या उभ्या राहिल्या. रॅम्सीने त्यांचा हात धरून खाली बसवायला पाहिलं, तर त्यांनी तो झटकला. त्या पंचांकडे वळल्या नाहीत, मागे मिनर्व्हाकडे वळल्या.

“वडिलांचा निरोप मीच आणला होता तुझ्याकडे. ठकांच्या घरात आमचा मुलगा येणार नाही. शब्द त्यांचे होते, तोंड माझं होतं. सॅम गेला तो परत आला नाही. इतकी वर्षं मी म्हणत आले, एफी, तू खरं तेच बोललीस. परवा दगड धुतला आणि कळलं की ते खरं नव्हतं. तो उगाच गेला. तू उगाच एकटी राहिलीस.” त्या थांबल्या. “मला ते कुणी वाचायला नको होतं, मिनर्व्हा. मला स्वतःलाच ते वाचवेना.”

मिनर्व्हा काठी टेकून उठली आणि दाराकडे वळली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

आम्ही सगळेच एफीआत्यांच्या घरी चालत गेलो. रॅम्सीने बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात बरणीत घालून दगड बाहेर काढला. कोबीच्या चिंध्या पुसल्या. पुढचं अंग थोडं खडबडीत झालं होतं, पण जे. जी. आणि १७५५ शाबूत होतं. मग त्याने तो उलटा केला, बघितला, आणि तसाच उभा राहिला. कुळाचा इतिहास लिहिणारा माणूस. त्याने दगड आम्हा सगळ्यांना दिसेल असा छातीशी धरला.

ती अक्षरं दुसऱ्या कुणाची होती. पुढची कारागिराने कोरलेली होती. ही वाकडी, कमीजास्त खोल, कधी छिन्नी न धरलेल्या हाताची. वर ‘जे. जी.’, खाली ‘१७६४’, आणि त्याखाली एकच शब्द: सापडली.

बॉइडसाहेबांनी हळू आवाजात उधळ्या मुलाच्या दाखल्यातलं वचन म्हटलं, मेला होता तो पुन्हा जिवंत झाला आहे, हरवला होता तो सापडला आहे. आम्ही ते लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे कुणाच्या तरी घरी झालेलं असतं. रॅम्सी रडत होता आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

७

पंचांना मतदान घ्यावं लागलं नाही. रविवारी मेळ्यात मिनर्व्हाला मानाच्या टेबलाशी बसवलं आणि तिच्यापुढे इतक्या जणींनी केक आणून ठेवले की ती म्हणाली, डॉक्टरच्या आधी तुम्हीच मला मारणार. रॅम्सीने घागरा घातला होता. तिने त्याला त्याबद्दल जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

पानं गळायला लागली तेव्हा स्नॉडग्रास लोकांना मी आत आणलं. जेनेटला सगळ्यात शेवटी. तिच्यासाठी जागा शोधावी लागली नाही. ह्यूच्या पायथ्याशी ती दोनशे वर्षं राखलेली होती. त्या न खणलेल्या जमिनीत मी पहिल्यांदा पहार घातली आणि दिवसभर खणलं. तिच्या बापाने सांगून ठेवलेलं काम माझ्या हातून पुरं व्हायचं होतं, असं वाटत राहिलं, आणि मी एकदाही शिवी दिली नाही.

मिनर्व्हा खुर्चीत बसून बघत होती. एफीआत्या भिंतीच्या दाराबाहेर उभ्या होत्या. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

दगड रोवताना मी विचारलं, कोणतं अंग पुढे करू? मिनर्व्हा दाराकडे बघून म्हणाली, “उभा लाव, कड दाराकडे करून. दोन्हीकडून वाचता आलं पाहिजे. रडले ते आईबाप तेच, आणि हसले तेही तेच.” आणि त्याच आवाजात पुढे म्हणाली, “एफी, तिथे काय उभी आहेस? आत ये. सॅम असता तर त्यानेही तुला आत बोलावलं असतं.”

एफीआत्या आत आल्या. खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या, आणि काही वेळाने मिनर्व्हाच्या खांद्यावरची शाल नीट केली. मी माती दाबून मागे सरलो.

“चिखल लागलाय दगडाला,” एफीआत्या म्हणाल्या.

“मग धू,” मिनर्व्हा म्हणाली. “बादली मी धरते.”